पाणंद मोकळी करा, सायकलची वाट आपोआप होईल

भात घरात आलं, दिवाळी झाली की आपल्या सिंधुदुर्गात सायकलवाले दिसू लागतात. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी पिशव्या, डोक्याला हेल्मेट, अंगात भडक रंगाचा सदरा. कोणी मुंबई-पुण्याहून निघून दाभोळ, जयगडच्या खाड्या फेरीबोटीतून ओलांडत किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्याला चाललेला असतो, कोणी कोल्हापूरकडून घाट उतरून आलेला असतो. आपली पोरं हात करतात, तेही हात करतात आणि पुढे निघून जातात. आचऱ्याला चहा, मालवणला मुक्काम, दुसऱ्या दिवशी वेंगुर्ले पार. मधल्या गावांत कोणी थांबत नाही.

का थांबत नाही? कारण मधली गावं त्यांना दिसतच नाहीत. डांबरी रस्त्याने जाताना सायकलवाल्याचे डोळे पुढच्या खड्ड्यावर आणि कान मागच्या डंपरवर असतात. चिऱ्याचा डंपर, वाळूचा डंपर, पर्यटकांच्या मोटारी, त्यात रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा. जीव मुठीत धरून चाललेला माणूस तुमच्या अंगणात कोकम सरबत प्यायला उतरेल कसा?

पुढच्या काळात हा त्रास वाढणार आहे. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाची आणि खाड्यांवरच्या पुलांची कामं हाती घेतली गेली आहेत. त्याला विरोध करायचं कारण नाही. आंबा वेळेत वाशीला पोचायला हवा, आजारी माणूस वेळेत दवाखान्यात पोचायला हवा. त्यासाठी चांगला रस्ता लागतोच. पण वेगाचा रस्ता आणि सायकलची वाट ही एकच असू शकत नाही, हे आत्ताच ओळखलेलं बरं.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. सायकलवाल्यांसाठी नवा रस्ता बांधायची गरज नाही. तो आपल्या बापजाद्यांनी बांधून ठेवलेला आहे आणि त्याचं नाव पाणंद. ती आधी गावाच्या कामासाठी मोकळी करावी, तिच्यावर परक्या मोटारींना मज्जाव ठेवावा आणि एका गावाची पाणंद पुढच्या गावाच्या पाणंदीला जोडावी. सायकलवाला मागून येईलच. मी कृषी खात्यात काम करतो, पण हे मत माझं आहे, खात्याचं नव्हे.

पाणंद कुठे गेली?

पाणंद म्हणजे काय हे इथल्या माणसाला सांगायला नको. दोन गडग्यांमधली वाट. किनाऱ्याला माडांतून जाणारी वाळूची, आतल्या गावांत मळ्याच्या कडेने जाणारी मातीची, चढावर जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी, आणि व्हाळ आडवा आला तर साकव. बैल, शेणखत, गवताचे भारे, शाळा, देऊळ, बाजार, सगळं याच वाटेनं चालायचं. पुढे वाडीवाडीला रस्ता आला, दारात मोटारसायकल आली आणि पाणंदीकडे गावाची पाठ फिरली. दोन पावसाळे तिथून माणूस चालला नाही की रानमोडी माजते. तिसऱ्या वर्षी गडगा ढासळतो. आणि चौथ्या वर्षी शेजारचा गडगा परत रचताना हातभर पुढे सरकतो, हेही आपण सगळेच जाणतो.

हे दुखणं जुनं झालं. नवं दुखणं मोठं आहे. जमिनी विकल्या जाताहेत. बाहेरचा माणूस जमीन घेतो, मोजणी करतो आणि चारी बाजूंनी चिऱ्याचं कंपाउंड घालतो. त्याच्या सातबाऱ्यावर वाटेची नोंद नसते, त्यामुळे इथून वाट होती हे त्याच्या गावीही नसतं. विकणारा आपलाच माणूस असतो, पण तो ते सांगत नाही. मग मागच्या पाच जणांनी आपल्या कलमांत पॉवर टिलर न्यायचा कुठून? खत डोक्यावरून, आंब्याचे क्रेट डोक्यावरून. गावोगाव फिरताना मला तुडतुड्याबद्दल जितके प्रश्न विचारले जातात, जवळजवळ तितकेच वाट अडवल्याबद्दल विचारले जातात. तुडतुड्यावर माझ्याकडे उपाय आहे. अडवलेल्या वाटेवरचा उपाय मात्र गावाच्या हातात असतो, आणि तो वेळेत करावा लागतो.

आधी गाव, मग पाहुणा

काही जण म्हणतील, चार सायकलवाल्यांच्या हौसेसाठी गावानं का राबावं? प्रश्न बरोबर आहे. म्हणूनच मी म्हणतो की पाणंद आधी आपल्यासाठी मोकळी करायची.

पहिला फायदा वाहतुकीचा. तीन मीटर रुंदीच्या साफ वाटेवरून पॉवर टिलर, छोटी ट्रॉली, हातगाडी बागेपर्यंत जाते. आंबा-काजूच्या हंगामात डोक्यावरून माल काढायला माणूस मिळत नाही, हे बागायतदारांना ठाऊक आहे.

दुसरा फायदा शाळकरी मुलांचा. डंपरच्या रस्त्यावरून मुलीला सायकलवर पाठवायला आईचं मन धजत नाही. पाणंदीतून ती निर्धास्त जाईल.

तिसरा फायदा वणव्याचा, आणि माझ्या मते तो सगळ्यांत मोठा. जानेवारीपासून सड्यावरचं गवत वाळतं. एक विडी, एक ठिणगी, आणि दहा वर्षं वाढवलेली काजूची बाग एका दुपारी जळून जाते. बागेभोवती जाळरेषा काढा असं आम्ही दरवर्षी सांगतो, तुम्ही दरवर्षी मान डोलावता. साफ ठेवलेली पाणंद ही आयती जाळरेषा आहे. आग तिच्यापाशी अडवता येते आणि विझवायला जाणाऱ्या माणसांना वाटही मिळते.

आता हिशेब बघा. एक किलोमीटर लांब आणि तीन मीटर रुंद पट्टा म्हणजे साधारण तीस गुंठे जमीन. नव्यानं रस्ता करायचा तर तेवढी जमीन कोणाच्या तरी वाफ्यातून काढावी लागेल. जुनी पाणंद मोकळी केली तर बहुतेक ठिकाणी ती जागा वाटेचीच असते.

सायकलवाला गावाला काय देतो?

मोटारीतला पर्यटक ताशी पन्नासच्या वेगानं पाच किलोमीटरची शीव सहा मिनिटांत ओलांडतो. त्याच्याकडून गावाला मिळते धूळ, आणि कधी कधी प्लॅस्टिकची बाटली. पाणंदीवरून जाणारा सायकलवाला ताशी दहा-बारा किलोमीटर जातो. त्याच पाच किलोमीटरला त्याला अर्धा तास लागतो, चढ असेल तर तासही लागतो. तेवढ्यात त्याला तहान लागते, भूक लागते, चाक पंक्चर होतं. दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर कापून त्याला कुठं तरी अंग टाकायला जागा हवी असते. त्याच्या मागण्या साध्या आहेत. स्वच्छ पाणी, स्वच्छ संडास-न्हाणीघर, सायकल आत ठेवायला पडवी, रात्री गरम जेवण आणि सकाळी घावणे नाही तर आंबोळी. कुळथाची पिठी, भात आणि सोलकढी मिळाली की तो खूष. समुद्रकाठचं मोठं हॉटेल त्याला लागत नाही. म्हणजे समुद्र नसलेल्या गावालाही यात वाटा आहे. १९९७ साली आपला जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, पण पर्यटनाचा पैसा बराचसा किनाऱ्याच्या पट्ट्यातच अडकून राहिला. आतल्या गावांपर्यंत तो पोचवायचा तर सावकाश जाणारा पाहुणाच हवा.

हंगामही जुळतो. सायकलवाले येतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी. भात झालेलं असतं आणि आंब्याची काढणी सुरू व्हायची असते. घरातल्या बाईला, बचत गटाला हाताशी थोडा वेळ असतो. ज्याच्याकडे एक एकर जमीन आहे त्याला राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदणी करता येते. यातून कोणी लखपती होणार नाही, तसं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण दोन खोल्यांचं जुनं घर रिकामं पडलेलं असेल, कोकम, काजूगर, कुळीथ घरचे असतील, तर ते दलालाला न देता अंगणातच विकले जातील. वर्षाचं खताचं बिल त्यातून निघालं तरी पुष्कळ झालं.

शेतकऱ्याची भीती

आता मूळ अडचणीकडे येतो. गावात हा विषय काढला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आज वाट दिली, उद्या ती कायमची गेली." ही भीती खोटी नाही. माणसाच्या जमिनीच्या प्रश्नाला हसून उडवू नये.

यात दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. जी पाणंद गाव नकाशावर आहे, ती वहिवाटीची वाट आहे. ती मोकळी करताना कोणाचं काही जात नाही, अतिक्रमण केलं असेल तर तेवढंच सुटतं. पण मध्येच एखादा तुकडा खाजगी जमिनीतून जात असेल, तर तिथे मालकाची परवानगी लागेल. इथे कायदा मालकाच्या बाजूनं उभा आहे, फक्त तो माहीत हवा. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षं हक्कानं, उघडपणे आणि अखंड वापर झाला तर वाटेचा हक्क तयार होतो. यातला 'हक्कानं' हा शब्द महत्त्वाचा. जो वापर तुमच्या परवानगीनं चालतो, तो हक्कानं चाललेला वापर नव्हे. म्हणून तोंडी 'जा हो, कोण अडवतंय' असं म्हणून सोडून देण्यापेक्षा ग्रामपंचायतीला लेखी, मुदतीची, सायकल आणि पायी जाण्यापुरती परवानगी देणं मालकाला जास्त सुरक्षित. कागद झाला की त्याची जमीन उलट राखली जाते.

एक सावधगिरी मात्र घ्यावी. याच कायद्याच्या कलम ६० प्रमाणे परवानगी घेणाऱ्यानं तिच्या भरवशावर स्वतःच्या खर्चानं कायम स्वरूपाचं बांधकाम केलं, तर ती परवानगी मागे घेता येत नाही. म्हणून परवानगीच्या तुकड्यावर काँक्रीट नको, पक्की मोरी नको. साफसफाई आणि मुरूम एवढंच. ही अट कागदात लिहूनच घ्यावी आणि सही करण्याआधी तो कागद वकिलाला एकदा दाखवावा.

असं कुठे झालंय का, असं विचाराल. झालंय, आणि तेही आपल्यासारख्याच मुलखात. आयर्लंड देशाच्या पश्चिम टोकाला मेयो नावाची काउंटी आहे. आपल्या भाषेत जिल्हाच म्हणा. समुद्र, डोंगर, भरपूर पाऊस, लहान लहान खातेदार आणि पोटासाठी पिढ्यान्‌पिढ्या बाहेर गेलेली माणसं. आपल्या चाकरमान्यांची गोष्ट तिथेही आहे. तिथे वेस्टपोर्टपासून अॅकिल बेटाकडे जाणारी रेल्वे १९३७ साली बंद पडली आणि रुळाखालची जमीन शेजारच्या शेतकऱ्यांकडे गेली. सत्तरेक वर्षांनी तिथल्या काउंटी कौन्सिलनं त्याच जुन्या मार्गावर सायकलची वाट करायची ठरवली. जमीन संपादनाची नोटीस काढली नाही. दीडशेहून जास्त जमीनमालकांशी बोलून त्यांची परवानगी मिळवली. मालकी शेतकऱ्याचीच राहिली, वाटेवरून जाण्याची मुभा लोकांना मिळाली. २०१० साली पहिला टप्पा आणि २०११ साली सगळी ४२ किलोमीटरची वाट खुली झाली. तिच्यावर मोटार चालत नाही. वाटेवरच्या गावांत सायकली भाड्यानं देण्याचा आणि राहण्या-जेवण्याचा धंदा उभा राहिला.

त्याच देशात उलटंही घडलं. डब्लिन ते गॉलवे अशी देशाच्या आरपार सायकलवाट आखली गेली. गॉलवेकडच्या भागात ती चालत्या शेतांमधून जाते आणि जमीन सक्तीनं घेतली जाईल असं शेतकऱ्यांना वाटलं. विरोध इतका झाला की २०१५ साली तिथलं काम थांबवावं लागलं. देश एकच, लोक एकच. जिथे विचारून आणि जुन्या वाटेवरून गेले तिथे काम झालं, जिथे शेत चिरून जायला बघितलं तिथे अडलं. आपल्या अधिकाऱ्यांनी आणि सरपंचांनी हा धडा घ्यावा.

दुसरी भीती चोरीची, गुरांची आणि वणव्याची. ती योग्यच आहे. बेडं उघडं टाकून कोणी गेला तर गुरं भाजीत शिरतात. म्हणून वाटेच्या दोन्ही तोंडांना मराठीत ठळक पाटी हवी. बेडं लावून जा, विडी-सिगारेट ओढू नका, चूल पेटवू नका, बागेत शिरू नका, दिवस मावळल्यावर ही वाट बंद. संध्याकाळनंतर गवे बाहेर पडतात, बिबट्याचंही सांगता येत नाही, त्यामुळे ही शेवटची अट पाहुण्याच्याही भल्याची आहे.

तिसरी अडचण फवारणीची, आणि ती मला मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण ती शहरातल्या माणसाच्या डोक्यात येणार नाही. आंब्याच्या मोहोराचं संरक्षण आणि सायकलवाल्यांचा हंगाम एकाच वेळी येतात. ज्या पाणंदीला दोन्ही बाजूंनी आंब्याची बाग आहे, तिथे फवाऱ्याचे तुषार वाटेवर येणारच. अशी पाणंद शेतीच्या वाटेसाठी जरूर मोकळी करा, पण सायकलच्या नकाशात घेऊ नका. घ्यावीच लागली तर फवारणीच्या दिवशी दोन्ही टोकांना लाल फडकं बांधून वाट बंद ठेवायचा अधिकार बागायतदाराकडे राहिला पाहिजे. सायकलसाठी मळ्याची कड, माडाची बाग, तळ्याकाठ आणि खाडीकाठ हेच बरे.

चौथी अडचण सामायिक सातबाऱ्याची. एका सातबाऱ्यावर चाळीस नावं, त्यातली तीस मुंबईत. परवानगी कोणाची घ्यायची? याला एकच उपाय. चाकरमानी गणपतीला येतात, शिमग्याला येतात. नकाशा आणि कागद तयार ठेवून त्याच दिवसांत सह्या घ्यायच्या. वाटेसाठी भांडायला ते एरवी येतात, तर वाट राखायलाही येतील.

सुरुवात कुठून?

सगळ्या जिल्ह्याचा आराखडा एकदम मांडला तर तो फायलीतच राहील. एका नदीपासून सुरुवात करावी. उदाहरणादाखल कर्ली नदी घ्या. कुडाळला रेल्वे स्टेशन आहे. तिथून खाली उतरताना नेरूर येतं. वालावलला लक्ष्मीनारायणाचं देऊळ आणि शेजारी तळं आहे. पुढे पाटचा तलाव, मग परुळे, आणि शेवटी भोगवे म्हणजे समुद्र. एकूण अंतर तीस किलोमीटरच्या आसपास. दुसऱ्या काठानं नेरूरपारवरून धामापूर. तिथला तलाव १५३० सालचा आणि २०२० साली त्याला जागतिक सिंचन वारसा म्हणून मान मिळाला. पुढे काळसे, चौके, देवली असं करत देवबागपर्यंत. देवबाग आणि भोगवे यांच्यामध्ये कर्लीचं मुख. होडीतून सायकल पलीकडे नेली की एका काठानं जाऊन दुसऱ्या काठानं कुडाळला परत, असा दोन-तीन दिवसांचा निवांत फेरा होतो. होडीवाल्यालाही काम मिळतं.

या फेऱ्यात आज बराच भाग डांबरीच आहे, हे मान्य. पण दोन्ही काठांच्या गावांनी आपापल्या हद्दीतल्या पाणंदी शोधल्या, तर डांबरी तुकडा वर्षागणिक कमी करत नेता येईल. खाडीकाठची वाट सपाट असते, हा तिचा मोठा गुण. किनाऱ्याचा रस्ता प्रत्येक खाडीला सड्यावर चढतो आणि परत उतरतो. तिथे सायकलवाल्याचे पाय भरून येतात. कर्लीसारखंच काम देवगड, सावंतवाडी, कणकवली तालुक्यांतही होऊ शकतं. मालवण तालुक्यातल्या कुडोपीची कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. अशा ठिकाणी सड्यावर मोटारी चढवण्यापेक्षा पायवाट आणि सायकलवाट राखली तर शिल्पंही वाचतील.

ग्रामपंचायतीनं काय करावं?

पहिलं काम कागदाचं. गाव नकाशा काढून समोर पसरा. दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीवाट, एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट. तो नकाशा घेऊन गावातल्या दोन म्हाताऱ्यांबरोबर प्रत्यक्ष फिरा. नकाशात नसलेल्या वाटाही त्यांना माहीत असतात. ती पिढी गेली की ती माहितीही गेली. मग ग्रामपंचायतीच्या नमुना २३ मध्ये, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, कोणती पाणंद आहे आणि कोणती नाही ते तपासा. नसेल तर ग्रामसभेत ठराव करून नोंद घेण्याची कार्यवाही सुरू करा.

दुसरं काम अडथळ्यांचं. सार्वजनिक वाटेवरचं अतिक्रमण काढण्याचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ ने पंचायतीला आहे. शेताची वहिवाट कोणी नव्यानं अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, पण तो अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. 'बघू, बोलू' करता करता सहा महिने जातात आणि मग माणूस कपाळाला हात लावून बसतो. ज्याला वाटच नाही त्याला जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. २०२५ साली शासनानं शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घेण्याचा निर्णय काढला. तलाठी भाऊसाहेबांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, ही नोंद आग्रहानं करून घ्या. इतर हक्कात वाट लिहिलेली असली की जमीन विकली तरी घेणाऱ्याला ती आधीच दिसते. एवढी एक नोंद झाली तरी निम्मी भांडणं मिटतील.

तिसरं काम हाताचं. पाऊस संपला, भात कापून झालं की रानमोडी मुळासकट काढायची, गडगा रचायचा, दोन्ही कडांना पाण्याला चर काढायचा आणि मध्ये जांभ्याचा मुरूम टाकून चोपायचा. आपल्याकडच्या पावसात पाण्याला वाट दिली नाही, तर पाणी आपली वाट नेतं. निधीसाठी २०२१ साली शासनानं मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना आणली होती. अशा योजना येतात, बदलतात, नावं बदलतात. ज्या गावाचा नकाशा आणि ठराव तयार असतो, त्यालाच त्यांचा फायदा मिळतो. कडेला सावलीसाठी कोकम लावा, पण रोपं लावू नका, कलमं लावा. रोपांत निम्मी झाडं नर निघतात आणि सात-आठ वर्षांनी फसवणूक कळते.

आणि एक काम न करण्याचं. पाणंदीवर डांबर घालू नका. सरपंचांना वाटतं डांबर म्हणजे विकास, आणि मतंही त्यावरच मिळतात. पण जिथे डांबर तिथे डंपर. तोंडाला चिऱ्याचे दोन खांब उभे करा, मधला खांब काढता येण्याजोगा आणि त्याची किल्ली गावात. शेतीची अवजारं, वाटेवर घर असलेल्यांची वाहनं, रुग्णवाहिका यांना मोकळीक. मोटारसायकल खांबातूनही जाईल, हे खरं. ती अडवायची तर गावानंच ठरवायला हवं. आपल्याच पोरांना आपण सांगू शकत नसू, तर पाहुण्यांना पाटी लावून काय उपयोग?

सागरी महामार्ग होईल तेव्हा होईल. त्याच्याबरोबर जमिनीचे भाव वाढतील, विक्री वाढेल आणि कंपाउंडंही वाढतील. एकदा चिऱ्याची भिंत उभी राहिली की ती पाडायला कोर्टात दहा वर्षं जातात. आज ती वाट मोकळी करायला कोयते घेऊन दहा माणसं आणि एक रविवार पुरतो. सायकलवाला आला तर चांगलंच. नाही आला तरी तुमचा टिलर बागेत जाईल, तुमची मुलगी शाळेत जाईल आणि वणवा वाटेवर अडवता येईल.

येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत एकच ओळ घाला, 'गावातील पाणंदींची पाहणी व नोंद'. आणि सभेला येताना गाव नकाशा घेऊन या.